वेशीबाहेरची स्वस्त शांतता

शहरात चाकरी करावी आणि शहराच्या वेशीबाहेर, जेथे खिडकीतून शेत दिसते, रात्री वाहनांचा गोंगाट नसतो आणि घराचा हप्ता पगारात बसतो, अशा जागी बिऱ्हाड करावे, ही पुण्यातील सामान्य नोकरदाराची आकांक्षा आता नवलाची राहिलेली नाही. शहराच्या मध्यवर्ती भागात दोन खोल्यांची जागाही त्याच्या आवाक्याबाहेर गेली आहे. म्हणून तो किरकटवाडीला, नऱ्ह्याला, मांजरीला किंवा वाघोलीला जातो. या निवडीला हौस म्हणणे अन्यायाचे होईल. ती बव्हंशी सक्ती आहे. प्रश्न एवढाच, की त्याच्या पदरात पडणारी स्वस्ताई आणि शांतता यांत खरी किती आणि उसनवारीची किती?

या प्रश्नाचे एक भयंकर उत्तर २०२५ च्या जानेवारीत मिळाले. सिंहगड रस्त्याच्या परिसरात ‘गिया बारे’ या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढू लागले आणि पुढील काही आठवड्यांत पुणे परिसरातील त्यांची संख्या दोनशेच्या आसपास गेली. दूषित पाण्यावाटे पसरणाऱ्या जंतुसंसर्गाकडे संशयाचे बोट वळले. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला ही नावे तेव्हा राज्यभर माहीत झाली. ही गावे खडकवासला धरणाच्या अगदी कुशीत आहेत. त्याच धरणाचे पाणी पर्वतीच्या केंद्रात शुद्ध होऊन जुन्या शहराच्या घराघरांत जाते. धरणाशेजारच्या या वस्त्यांना मात्र शुद्धीकरण केंद्र नव्हते. विहिरीत साठवलेल्या पाण्यात जंतुनाशक टाकून ते नळांना सोडले जात होते. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आपण दुष्काळी तालुक्यांसाठी वापरतो. येथे पाणी होते. नव्हते ते पाण्याचे उत्तरदायित्व.

वेशीबाहेरचे घर स्वस्त का पडते, याचा उलगडा येथेच होतो. शहरातील घराच्या किमतीत जलवाहिनी, मैलापाण्याची व्यवस्था, रस्ता, शाळा व दवाखाना यांचे मोल मिसळलेले असते. वेशीबाहेरच्या घराच्या किमतीत ते नसते, कारण या गोष्टीच तेथे नसतात. महापालिकेचे पाणी येईपर्यंत आम्ही पाणी पुरवू, असे हमीपत्र विकसक देतो आणि बांधकामास परवानगी मिळते. इमारत पूर्ण होते, विकसक पुढच्या गावी जातो आणि हमीपत्र कार्यालयात राहते. मग गृहनिर्माण संस्थेच्या मासिक वर्गणीतला मोठा वाटा टँकरवाल्याकडे जाऊ लागतो. कूपनलिका दरसाल अधिक खोल जाते. कचेरीला जाण्यायेण्यात दिवसाचे तास आणि पेट्रोलचे पैसे खर्ची पडतात. तात्पर्य, घर स्वस्त मिळालेले नसते. त्याच्या किमतीचा एक भाग पुढे ढकललेला असतो, आणि तो कधी फिटेल हे खरेदीखतात लिहिलेले नसते.

शहराची वेस पूर्वीही सरकत होतीच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि हजारो कुटुंबे उघड्यावर आली, तेव्हा गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती तत्कालीन शहराच्या कडेलाच उभ्या राहिल्या. त्या आदर्श होत्या असे नव्हे. तथापि माणसांना वसवायचे तर जमीन आखून द्यावी लागते, हे भान त्यामागे होते. पुढच्या काळात हा क्रम उलटला. आधी इमारती, मग लोक, मग तक्रारी आणि सर्वांत शेवटी हद्दवाढ, अशी रीत पडली. १९९७ मध्ये ३८ गावे महापालिकेत घेण्यात आली व त्यांतील काही विरोधामुळे पुन्हा वगळण्यात आली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्यांपैकी उरुळी देवाची व फुरसुंगी ही गावे २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगर परिषद करण्यात आली. शहराचा कचरा वर्षानुवर्षे याच दोन गावांच्या शिवारात पडत आला, हे येथे विसरता येणार नाही.

२०२१ च्या २३ गावांची कथा अधिक बोलकी आहे. ग्रामपंचायती गेल्या, २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला, आणि २०२६ च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत या गावांना स्वतःचा नगरसेवक लाभला नाही. सुमारे साडेचार वर्षे तेथील नागरिकाला ना सरपंच होता ना नगरसेवक. त्याच्या गावाच्या भूमीचे नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आणि त्याचे नळ व गटारे महापालिकेकडे, अशी वाटणी झाली. प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रारूप विकास आराखडा २०२५ मध्ये शासनाने रद्द ठरविला. आराखडे थांबले, बांधकामे थांबली नाहीत.

याचा दोष गुंठ्यागुंठ्याने जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु शेजारी इमारती उभ्या राहिल्यावर, ओढ्यात मैलापाणी उतरल्यावर आणि पाणंद डांबरी झाल्यावर त्याने एकट्याने ज्वारी पेरीत राहावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करावी? १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने असे तुकडे पाडण्यास मनाई केली, २००१ च्या गुंठेवारी कायद्याने पडलेले तुकडे नियमित केले. मनाई करणाऱ्या आणि माफी देणाऱ्या शासनाने मधला मार्ग, म्हणजे योग्य दरात आखलेली जमीन उपलब्ध करण्याचा, फारसा चोखाळलाच नाही.

शांततेचे गणितही असेच फसवे आहे. येथे येणारा प्रत्येक जण आपण शेवटचे असू असे मनोमन धरून येतो. त्याच्या खिडकीसमोरचे शेत त्याच्या मालकीचे नसते. ते शेत राहील याची हमी त्याला कोणी दिलेली नसते. एबेनेझर हॉवर्ड या इंग्रज गृहस्थाने १८९८ मध्ये उद्याननगरांची कल्पना मांडली, तेव्हा त्याने वसाहतीभोवती शेतीचा कायमचा पट्टा राखावा आणि वसाहतीमुळे वाढणारे जमिनीचे मोल वसाहतीच्याच कामी यावे, अशा दोन अटी घातल्या. आपण जाहिरातींतून उद्याने आणि नगरे ही नावे तेवढी उचलली. अटी सोडून दिल्या.

यावर उपाय परदेशातून आणावा लागेल असेही नाही. मुंबई इलाख्यात १९१५ सालीच नगररचनेचा कायदा झाला होता. अनेक मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढायच्या, मालकांना थोडी लहान पण सोयींनी युक्त जमीन परत द्यायची आणि वाढलेल्या मोलाचा काही भाग सोयींसाठी घ्यायचा, हे त्याचे तत्त्व. पूर्वीच्या भांबुर्ड्याचे आजचे शिवाजीनगर होताना याच मार्गाचा उपयोग झाला. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. त्याला एका साध्या नियमाची जोड हवी: पाण्याचा उद्भव आणि मैलापाण्याची वाट दाखविल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र नाही, आणि हमीपत्राला पाण्याचे स्थान नाही.

अशाने घरे महागतील, हा आक्षेप पोकळ नाही. किमती काही प्रमाणात वाढतील आणि त्याचा पहिला चटका अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला बसेल. म्हणूनच वाढलेल्या मोलातून त्याच्यासाठी जमीन राखून ठेवणे हा या योजनेचा भाग असला पाहिजे. परंतु आजची स्वस्ताई त्याच्या हिताची आहे, हा समज प्रथम टाकून द्यावा. तो तीच किंमत आजही मोजतो आहे. फक्त ती जलवाहिनीला न जाता टँकरला आणि कधी कधी रुग्णालयाला जाते.

आता या गावांचे प्रतिनिधी महापालिकेच्या सभागृहात आहेत. त्यांच्यापुढे रस्त्यांच्या आणि दिव्यांच्या मागण्यांची रास पडेल व ती रास्तच असेल. तथापि त्यांनी पहिला प्रश्न विचारावा तो आपल्या गावाला पाणी केव्हा मिळेल एवढाच नव्हे, तर पाणी येण्यापूर्वी आणखी किती इमारतींना परवानगी देणार, हा. त्याचे उत्तर आकड्यांत मिळाले नाही, तर आज ज्या वस्त्यांना आपण शांत आणि परवडणाऱ्या म्हणतो, त्या दहा वर्षांनी दोन्ही विशेषणांना मुकतील, आणि त्यांतील माणसे त्याच शोधात पुढच्या गावाची वाट धरतील.