माणसांची झडती नको, नगरपालिकेची मोजणी हवी!

फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प अहमदाबादेस आले, तेव्हा त्यांच्या मोटारींचा ताफा ज्या रस्त्याने जाणार होता त्या रस्त्यालगतच्या झोपडपट्टीपुढे महानगरपालिकेने भिंत उभारली. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत जी-२० परिषद भरली, तेव्हा तेथील वस्त्यांवर हिरवे कापड टाकण्यात आले. वस्तीत पाणी आले नाही, गटार वाहते झाले नाही. आले ते केवळ झाकण. घाण दूर करण्यापेक्षा घाणीत राहावे लागणारा माणूस दृष्टीआड करणे सत्ताधारी वर्गाला नेहमीच स्वस्त पडत आले आहे.

यात नवे काहीच नाही. एंगल्सने १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरील आपल्या ग्रंथात मँचेस्टर शहराचे नेमके हेच वैशिष्ट्य दाखवून दिले होते. हमरस्त्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानांच्या रांगा अशा उभ्या होत्या की, पेढीवर जाणाऱ्या धनिकाला उजव्या-डाव्या हाताला पसरलेली कामगारांची दैन्यावस्था कधी दिसूच नये. एंगल्सने केले ते एवढेच की तो त्या दुकानांमागे गेला, गल्लीगल्लीत हिंडला आणि नदीकाठची घाण, अंधारी तळघरे, अपुरे संडास यांची नोंद केली. त्या नोंदीतून आरोपपत्र तयार झाले. आज भारतातील शहरांत हेच काम कोणी करावयाचे, आणि कोणासाठी, हा प्रश्न पक्षाच्या प्रत्येक शाखेपुढे उभा आहे.

नोंद कोणाच्या हाती?

नोंद ही आपोआप जनतेच्या बाजूची होत नसते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा साम्राज्यशाहीचे अधिकारीही गल्लीबोळांतून हिंडले. त्यांनीही घरे तपासली. पण ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ अशी इंग्रजी आद्याक्षरे भिंतीवर रंगवून ते पुढे गेले. १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहर ‘सुधारण्या’साठी स्थापन झालेल्या या संस्थेने पहिल्या दोन दशकांत जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधल्या नाहीत. ज्यांची घरे रोगट ठरली ते कामगार शेजारच्या अधिकच कोंदट चाळींत कोंबले गेले. रोगाची नोंद झाली. शिक्षा रोग्याला झाली.

परकी सत्ता गेली, पण नोंदीचा हा स्वभाव गेला नाही. महाराष्ट्रात १९७१ चा झोपडपट्टी सुधारणा कायदा झाला, १९७६ साली मुंबईत झोपड्यांची गणना झाली, पुढे १ जानेवारी १९९५ आणि १ जानेवारी २००० अशा पात्रतेच्या तारखा ठरल्या. अधिकारी वस्तीत येतो तो काय विचारतो? नळाला पाणी किती वेळ येते, हे विचारीत नाही. तो विचारतो : तुमच्याकडे कोणत्या सालचा कागद आहे? कागद सापडला तर माणूस ‘पात्र’, नाहीतर ‘अतिक्रमक’. तहानेलासुद्धा तारीख लावण्यात आली. वस्तीची तारीख कोणतीही असो, पाणी नाकारता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०१४ मध्ये महानगरपालिकेला सुनवावे लागले. आणि तेही पाण्याच्या हक्कासाठी लढणाऱ्या वस्त्या न्यायालयात गेल्या म्हणूनच.

गणनेच्या व्याख्येतही वर्गीय दृष्टी दडलेली असते. २०११ च्या जनगणनेने देशात सुमारे साडेसहा कोटी लोक झोपडपट्ट्यांत राहतात असे सांगितले. परंतु जी वस्ती शासनाने घोषित वा मान्य केलेली नाही, ती मोजली जाण्यासाठी किमान तीनशे लोकसंख्या अथवा साठ-सत्तर घरे एकत्र असावी लागत. रेल्वेरुळालगतची वीस घरे, नाल्याकाठची पंधरा घरे या हिशेबात ‘झोपडपट्टी’ ठरत नाहीत. गटार त्यांच्या दारातूनच वाहते, पण आकड्यातून ती वाहून गेलेली असतात.

आकड्यांचे ढोंग

२ ऑक्टोबर २०१४ रोजी केंद्र सरकारने स्वच्छ भारत अभियानाचा गाजावाजा केला. २०१६ पासून शहरांच्या स्वच्छतेचे क्रमांक लावले जात आहेत. शौचालयाचे छायाचित्र काढून पाठविले की शौचालय ‘झाले’. त्यात पाणी आहे काय, टाकी भरल्यावर ती कोण उपसतो, रात्री बाईमाणसाला तेथे जाता येते काय, हे छायाचित्रात दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते अस्तित्वातच नाही असे मानण्याची सोय या पद्धतीत आहे.

या ढोंगाचा कळस पाहावयाचा असेल तर हाताने मैला उपसण्याच्या अमानुष प्रथेकडे पाहावे. २०११ च्या जनगणनेत माणसाकरवी मैला काढला जातो अशी ७ लाख ९४ हजार शौचालये आढळली. पुढे २०१३ आणि २०१८ साली झालेल्या सर्वेक्षणांत सरकारला हे काम करणारी माणसे सापडली अवघी ५८ हजार ९८! एकाच राज्यसंस्थेचे हे दोन आकडे आहेत. विटांची मोजणी करताना जे सत्य निसटून बाहेर पडले, ते माणसांची मोजणी करताना दडपले गेले. कारण माणूस मान्य केला की त्याच्या पुनर्वसनाची जबाबदारी येते. आणि ही माणसे कोणत्या जातींतील आहेत हे सर्वांस ठाऊक आहे. राज्य सरकारे अशी प्रथा नाहीच म्हणून सांगत होती, तेव्हा सफाई कर्मचारी आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी कोरड्या शौचालयांची छायाचित्रे आणि नोंदी सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवल्या. मार्च २०१४ चा निकाल त्या चिकाटीचे फळ आहे. जनतेच्या हातातील नोंद सरकारी प्रतिज्ञापत्रालाही खोटे पाडू शकते, याचा हा धडधडीत पुरावा होय.

चळवळीतील दोन गैरसमज

दुर्दैवाने या कामाविषयी डाव्या चळवळीतही दोन गैरसमज घट्ट रुजले आहेत.

पहिला असा की, नळ, गटारे, संडास मोजत बसणे हा सुधारणावाद आहे. ते स्वयंसेवी संस्थांचे काम. भांडवलशाहीचा अंत झाल्यावर हे प्रश्न सुटतील. ही भाषा कडक दिसते, पण तिच्यामागे आळस लपलेला असतो. खुद्द मार्क्सने १८८० साली फ्रेंच कामगारांसाठी शंभरएक प्रश्नांची प्रश्नावली तयार केली होती. कामाची जागा, हवा, आरोग्य, घरभाडे यांविषयीच्या बारीकसारीक प्रश्नांची उत्तरे कामगारांनीच द्यावीत, कारण आपल्या यातना त्यांनाच खऱ्या ठाऊक असतात, अशी त्यामागची भूमिका होती. मार्क्सला जे काम हलके वाटले नाही, ते वॉर्डशाखेला हलके वाटावे काय? १९८५ साली मुंबईच्या पदपथांवरील सुमारे सहा हजार कुटुंबांची नोंद झाली ती एका स्वयंसेवी संस्थेने केली. त्या संस्थेला दूषणे देण्याआधी हे क्षेत्र मोकळे कोणी सोडले, याचा विचार झाला पाहिजे.

दुसरा गैरसमज उलट टोकाचा. तो असा की, रविवारी झाडू घेऊन गल्ली साफ केली की वस्तीचे काम झाले. श्रमदानाला कमी लेखण्याचे कारण नाही. पण ज्या गल्लीतील कचराकुंडी महापालिकेने काढून नेली आहे, तेथे सोमवारी पुन्हा ढीग लागणारच. कंत्राटदाराने दहा सफाई कामगारांच्या जागी सहाच नेमले असतील, तर उरलेल्या चौघांचे काम रहिवाशांनी फुकट करावयाचे आणि नफा कंत्राटदाराने खिशात घालावयाचा, हे श्रमदान नव्हे. आधी मोजणी, मग मागणी, आणि मागणीच्या जोडीला झाडू, हाच योग्य क्रम आहे.

केरळने काय शिकविले

ऑगस्ट १९९६ मध्ये केरळच्या डाव्या आघाडी सरकारने लोकनियोजनाची मोहीम सुरू केली आणि राज्याच्या योजनाखर्चाचा पस्तीस ते चाळीस टक्के भाग स्थानिक संस्थांच्या हाती दिला. पैसा वाटण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी ग्रामसभा भरल्या, गावाची साधनसंपत्ती आणि उणिवा यांचा अभ्यास झाला, विकास अहवाल लिहिले गेले आणि त्यांवर जाहीर चर्चा झाली. योजना नोंदीतून उगवली. अलप्पुळा शहराचा कचरा ज्या सर्वोदयपुरम गावात टाकला जाई, तेथील लोकांनी तो अडविला, तेव्हा २०१२ साली शहराने कचरा दुसऱ्या कोणाच्या दारात नेण्याऐवजी घराच्या आणि वॉर्डाच्या पातळीवरच जिरविण्याचा मार्ग धरला.

पण आत्मपरीक्षण टाळून चालणार नाही. मार्च २०२३ मध्ये कोचीचा ब्रह्मपुरम कचराडेपो पेटला आणि शहर दिवसेंदिवस विषारी धुरात गुदमरले. त्या महापालिकेत डाव्यांचीच सत्ता होती. जेथे लोकांची देखरेख सुटते आणि कारभार कंत्राटावर सोपविला जातो, तेथे सत्ता कोणाचीही असो, डोंगर साचतो आणि एक दिवस पेटतो. मुंबईचा १९२७ पासूनचा देवनार डेपो जानेवारी २०१६ मध्ये असाच पेटला होता. आणि तो ज्या एम-पूर्व विभागात आहे, तोच विभाग २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात सर्वांत तळाला होता. कचऱ्याचा डोंगर आणि गरिबांची वस्ती शेजारी असतात, हा भूगोलाचा योगायोग नव्हे.

काय मोजावे, कसे मोजावे

सरकारी सर्वेक्षण माणसांची झडती घेते. जनतेच्या सर्वेक्षणाने नगरपालिकेची मोजणी करावी. किती नळ, किती घरांमागे एक, पाणी कोणत्या वेळी आणि किती वेळ. संडासाच्या किती जागा, त्यांतील किती कुलूपबंद, आत दिवा आहे की नाही, पैसे किती घेतले जातात. गटार कोठे तुंबते आणि पावसात पाणी कोणत्या उंबऱ्यापर्यंत चढते. घंटागाडी किती दिवसांआड येते. सफाई कामगार कायम की कंत्राटी, त्याला हातमोजे आणि पुरे वेतन मिळते की नाही. हे सारे गल्लीवार, तारीखवार लिहावे. पाण्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या स्त्रियांना यातील बहुतेक गोष्टी तोंडपाठ असतात. म्हणून वही त्यांच्या हाती असावी. रहिवाशांची नावे, त्यांचे कागदपत्र, त्यांचे मूळ गाव मात्र या वहीत नसावे. कारण अशीच यादी उद्या बुलडोझरपुढे चालू लागते.

नोंद झाली की ती वस्तीच्या सभेत वाचून दाखवावी, चुका तेथेच दुरुस्त व्हाव्यात, एक प्रत वस्तीतच राहावी. मग माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली मागविलेले महापालिकेचे हिशेब तिच्या शेजारी ठेवावेत. कागदावर साफ झालेले गटार आणि दारातील तुंबलेले गटार समोरासमोर आले की मोर्चाला घोषणा शोधाव्या लागत नाहीत. सफाई कामगारांच्या युनियनला त्यात सामील करून घेतले, तर रहिवासी विरुद्ध कामगार असे भांडण लावण्याचा प्रशासनाचा जुना डावही फसतो.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई महानगरपालिका तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिली. त्या काळात जाब विचारायला निवडून आलेला नगरसेवकच नव्हता. अशा वेळी वस्तीची वही हीच वस्तीची सभा ठरते. भिंत उभारणाऱ्यांना भिंतीमागे काय आहे हे पक्के ठाऊक असते; प्रश्न एवढाच की ते लिहून, मोजून, सर्वांसमक्ष त्यांच्यापुढे ठेवणारे कोणी आहे की नाही. पक्षाच्या प्रत्येक वॉर्डशाखेने येत्या पावसाळ्यापूर्वी किमान एका गल्लीची वही पुरी करावी. कामाला लागण्यास याहून मोठ्या मुहूर्ताची गरज नाही.