निकालावरून निर्णय पारखावा काय?

अमेरिकेंत आक्टोबर महिना उजाडला म्हणजे बेसबॉलच्या अखेरच्या सामन्यांचे दिवस येतात, व त्याबरोबर त्या खेळाच्या चाहत्यांमध्यें एका जुन्या वादाला नव्यानें तोंड फुटतें. आज चेंडू कोणीं फेंकावा? उद्यां कोणीं? संघांतील सर्वांत नामांकित पिचराला विसांवा किती द्यावा, आणि सामना ऐन रंगांत आला असतां त्याला मैदानावर राहूं द्यावें कीं परत बोलवावें? घरीं जेवतांना, कचेरींत, आगगाडींत, जेथें चार चाहते जमतात तेथें याच प्रश्नांवर तावातावानें बोलणें चालतें. सामन्याचा निकाल लागला म्हणजे त्यांतील निम्मे लोक 'आम्हीं आधींच सांगितलें होतें' असें म्हणतात, व उरलेले निम्मे निमूटपणें घरीं जातात.

या वादासंबंधीं आमचें मत आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे. हा खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नसल्यामुळें वादाचें मूळ समजण्यापुरती त्याची माहिती प्रथम देणें अवश्य आहे.

क्रिकेटमध्यें एका गोलंदाजाचें षटक संपलें म्हणजे पुढचें षटक दुसऱ्याला टाकावें लागतें. बेसबॉलमध्यें तसें नाहीं. तेथें संघाचा पिचर एका उंचवट्यावर उभा राहून साठ फूट सहा इंचांवरील फलंदाजाकडे चेंडू फेंकतो, आणि तो थकेपर्यंत अथवा संघाचा व्यवस्थापक त्याला परत बोलावीपर्यंत प्रत्येक चेंडू त्यालाच फेंकावा लागतो. या चेंडूचा वेग पुष्कळदां ताशीं नव्वद मैलांहून अधिक असतो. शंभरएक चेंडू फेंकून झाले म्हणजे खांद्यावर व कोपरावर केवढा ताण पडत असेल, याची कल्पना ज्यानें शाळेच्या मैदानावर दोन तास चेंडू टाकला आहे त्याला सहज येईल. शिवाय एकदां बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यांत पुनः येऊं शकत नाहीं. म्हणून पिचराला परत बोलाविण्याचा हुकूम एकदां दिला कीं तो मागें घेतां येत नाहीं.

वर्षाच्या साध्या सामन्यांची संख्या १६२ आहे. त्यांत हल्लीं बहुधा पांच पिचरांची पाळी लावतात, त्यामुळें प्रत्येकास मध्यें चार-पांच दिवसांचा विसांवा मिळतो. पूर्वीं चौघांची पाळी असे. परंतु वर्ल्ड सीरिज या अंतिम स्पर्धेंत जो संघ आधीं चार सामने जिंकेल तो विजयी ठरतो, म्हणजे सामने फार तर सात. मधून मधून प्रवासासाठीं मोकळे दिवसही असतात. अशा वेळीं पांचव्या पिचराची गरज उरत नाहीं, आणि सर्वांत चांगल्या पिचराचा विसांवा कमी करून त्यालाच पुनः पुनः उभें करण्याचा मोह होतो. येथूनच चाहत्यांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "वर्षभराचे श्रम ज्या सामन्यासाठीं केले, त्या सामन्यांत उत्तम माणसाला बसवून ठेवणें हा वेडेपणा होय." दुसरा पक्ष म्हणतो, "थकलेल्या उत्तम माणसापेक्षां ताजातवाना मध्यम माणूस बरा." दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. आमची तक्रार या पक्षांविषयीं नसून, सामना संपल्यावर ते ज्या रीतीनें न्याय करितात त्या रीतीविषयीं आहे.

दोन सामन्यांची हकीकत पाहूं. १६ आक्टोबर २००३ रोजीं न्यूयॉर्क येथें बोस्टनचा रेड सॉक्स व न्यूयॉर्कचा यांकीज या संघांचा निर्णायक सातवा सामना झाला. जो जिंकेल तो वर्ल्ड सीरिजला जावयाचा होता, आणि बोस्टनला तर १९१८ पासून ती स्पर्धा जिंकतां आली नव्हती. आठव्या डावांत न्यूयॉर्कची खेळण्याची पाळी आली तेव्हां बोस्टनच्या ५ व न्यूयॉर्कच्या २ धांवा झाल्या होत्या. बोस्टनकडून पेड्रो मार्टिनेझ हा नामांकित पिचर चेंडू फेंकीत होता. न्यूयॉर्कचे फलंदाज आतां त्याचे चेंडू टोलवूं लागले. व्यवस्थापक ग्रेडी लिट्ल हे मैदानांत गेले, मार्टिनेझशीं दोन शब्द बोलले, आणि त्याला तेथेंच ठेवून परत आले. त्याच डावांत न्यूयॉर्कनें बरोबरी साधली व अकराव्या डावांत ॲरन बून याच्या होम रननें सामना जिंकला. महिना संपण्यापूर्वींच लिट्ल यांना निरोप मिळाला.

दुसरा सामना २७ आक्टोबर २०२० रोजीं टेक्सास संस्थानांतील आर्लिंग्टन येथें झाला. वर्ल्ड सीरिजचा तो सहावा सामना होता. टॅम्पा बे रेज या संघानें तो गमावला असता तर लॉस एंजल्सचा डॉजर्स संघ जगज्जेता ठरणार होता. टॅम्पाचा पिचर ब्लेक स्नेल यानें सहाव्या डावापर्यंत अवघे ७३ चेंडू फेंकले होते, ९ फलंदाज बाद केले होते, व संघ एका धांवेनें पुढें होता. इतक्यांत एका फलंदाजानें चेंडू टोलवून पहिला तळ गांठला. लगेच व्यवस्थापक केव्हिन कॅश यांनीं स्नेलला परत बोलाविलें. त्याच्या जागीं निक अँडरसन आला. थोड्याच वेळांत डॉजर्सच्या दोन धांवा झाल्या, व शेवटीं त्यांनीं सामना ३ विरुद्ध १ असा जिंकला. दुसरे दिवशीं कॅश यांच्यावर टीकेचा वर्षाव झाला.

पिचराला ठेवणारा एक व्यवस्थापक व त्याला काढणारा दुसरा, या दोघांच्याही माथीं तोच दोष आला. जर नियम असा असेल कीं संघ हरला म्हणजे निर्णय चूक व जिंकला म्हणजे बरोबर, तर मग वाद करण्याचें कारणच काय? धावफलक वाचतां येणारें लहान मूलही तेवढा न्याय करील. आमच्या मतें धावफलकावर दोन गोष्टी कधींच लिहिलेल्या नसतात. निर्णय घेतांना काय ठाऊक होतें ही पहिली, आणि त्या निर्णयाची किंमत पुढें कोणीं दिली ही दुसरी.

पहिली गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे वरील दोन सामन्यांचा न्याय निराळा होतो. शंभराहून अधिक चेंडू झाल्यावर मार्टिनेझपुढें फलंदाज अधिक यशस्वी होतात, हें त्या वर्षींच्या नोंदींवरून दिसत होतें. तो थकला आहे हें डोळ्यांनींही दिसत होतें. तेव्हां लिट्ल यांचा निर्णय, सामना जिंकला असता तरीही, दुबळाच म्हणावा लागला असता. कॅश यांची बाजू इतकी दुबळी नव्हती. एकाच पिचरापुढें फलंदाज तिसऱ्यांदा आला म्हणजे चेंडूची ओळख झाल्यामुळें तो अधिक यशस्वी होतो, हा असंख्य सामन्यांच्या नोंदींवरून निघालेला निष्कर्ष आहे, आणि त्या क्षणीं डॉजर्सचे अव्वल फलंदाज तिसऱ्यांदाच येत होते. शिवाय त्या वर्षीं स्नेलनें एकाही सामन्यांत सहा डाव पुरे केले नव्हते. मात्र याच फलंदाजांना स्नेलनें दोन्ही वेळां सफाईनें बाद केलें होतें, आणि त्याच्या जागीं आलेल्या अँडरसनविरुद्ध आधींच्या लागोपाठच्या सामन्यांत धांवा होत आल्या होत्या. म्हणून स्नेलला काढणें हें समर्थनीय, परंतु त्या वेळीं अँडरसनला आणणें हें शंकास्पद, असें आम्हांस वाटतें. वाचकांचें मत याहून भिन्न असूं शकेल. परंतु अशा रीतीनें वाद केला तर त्यांतून कांहीं शिकतां येतें.

निकालांत दैवाचा भाग किती असतो, हें पाहावयाचें असेल तर १९२९ सालची गोष्ट ऐकावी. फिलाडेल्फियाच्या अ‍ॅथलेटिक्स संघाचे वृद्ध व्यवस्थापक कॉनी मॅक यांच्यापाशीं लेफ्टी ग्रोव्ह व जॉर्ज अर्नशॉ असे दोन बलाढ्य पिचर होते. त्या वर्षीं पहिल्यानें वीस व दुसऱ्यानें चोवीस सामने जिंकले होते. असें असतांही वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या सामन्यांत, ८ आक्टोबर रोजीं, मॅक यांनीं शिकागोच्या कब्ज संघापुढें हॉवर्ड एम्की या पस्तीस वर्षांच्या पिचराला उभें केलें. वर्षभरांत त्यानें अवघे सात सामने जिंकले होते. पाहणारे थक्क झाले. परंतु मॅक यांनीं हा विचार आयत्या वेळीं केलेला नव्हता. स्पर्धेपूर्वींच त्यांनीं एम्कीला शिकागोच्या फलंदाजांचें निरीक्षण करावयास धाडलें होतें. त्या जबर फलंदाजांना एम्कीचे संथ व फसवे चेंडू अडचणीचे होतील, अशी त्यांची अटकळ होती. एम्कीनें त्या दिवशीं १३ फलंदाज बाद केले. वर्ल्ड सीरिजच्या एका सामन्यांतील तो तेव्हांचा उच्चांक होता. सामना ३ विरुद्ध १ असा जिंकला, आणि मॅक यांच्या चातुर्याची कीर्ति झाली.

येथवरची गोष्ट पुष्कळ जण सांगतात, परंतु पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. पांचव्या सामन्यांत मॅक यांनीं त्याच शिकागो संघापुढें त्याच एम्कीला पुनः उभें केलें, आणि चौथ्याच डावांत त्याला परत बोलवावें लागलें. नवव्या डावांत फिलाडेल्फियानें तीन धांवा काढून तो सामना व स्पर्धा जिंकली, म्हणूनच एम्कीची ही दुसरी खेळी लोक विसरले. खेळाडू तोच, प्रतिपक्ष तोच, व्यवस्थापकही तेच, परंतु निकाल मात्र निराळा. मग एका निकालावरून मॅक यांस देव व दुसऱ्यावरून मूर्ख म्हणावें काय?

आतां दुसरी गोष्ट. उत्तम माणसालाच पुनः पुनः उभें करावें असें म्हणणारे लोक १९०५ सालच्या ख्रिस्ती मॅथ्यूसनचा दाखला देतात. त्यानें सहा दिवसांत तीन पूर्ण सामने फेंकले व एकही धांव होऊं दिली नाहीं. पराक्रम खरा, परंतु तो काळ निराळा होता. तेव्हां होम रन विरळा असे व त्यामुळें पिचराला प्रत्येक चेंडूस सर्व बळ खर्चावें लागत नसे. पुढें तसें राहिलें नाहीं. १९६५ सालीं लॉस एंजल्सचा सँडी कोफॅक्स यानें वर्ल्ड सीरिजचा पांचवा सामना जिंकल्यावर अवघ्या दोन दिवसांच्या विसांव्यानें सातवाही फेंकला. अधिक विसांवा घेतलेला डॉन ड्रायस्डेल तयार असतांना व्यवस्थापक वॉल्टर ऑल्स्टन यांनीं कोफॅक्सलाच निवडलें, व संघ २ विरुद्ध ० असा विजयी झाला. धावफलकाची साक्ष येथें संपते. कोफॅक्सच्या डाव्या कोपराला सांध्यांचा विकार जडला होता. पुढच्या वर्षीं २७ सामने जिंकल्यावर, कीर्तीच्या शिखरावर असतांना, वयाच्या तिसाव्या वर्षीं त्यानें खेळ सोडला. एका सामन्यानें त्याचा हात गेला असें कोणीं म्हणूं नये. परंतु अशा प्रत्येक विजयाचा कांहीं अंश त्या कोपराच्या खातीं मांडला गेला होता, हेंही कोणीं विसरूं नये.

याच कोफॅक्सनें त्या स्पर्धेचा पहिला सामना खेळला नव्हता. यहुदी धर्माचा परम पवित्र दिवस त्याच तारखेस आला होता, म्हणून तो मैदानावर गेला नाहीं. त्याच्या जागीं ड्रायस्डेल उभा राहिला व संघ हरला. त्या पराभवानें कोफॅक्सचा निर्णय चुकीचा ठरला काय? तसें म्हणण्यास त्याच्या संघाचा कट्टर चाहताही सहसा धजणार नाहीं.

१९७४ सालीं डॉ. फ्रँक जोब यांनीं टॉमी जॉन या पिचराच्या कोपरांतील निकामी बंधाच्या जागीं त्याच्याच हातांतील स्नायूची शिर बसविली. तो पुनः खेळूं लागला व १९८९ पर्यंत खेळला. तेव्हांपासून कित्येक पिचरांवर ही शस्त्रक्रिया झाली आहे. तथापि शस्त्रवैद्य हाताशीं आहे म्हणून कोपर मोडावें असा त्याचा अर्थ होत नाहीं. २०२५ सालच्या वर्ल्ड सीरिजमध्यें योशिनोबु यामामोतो यानें सहाव्या सामन्यांत ९६ चेंडू फेंकले, आणि लगेच दुसरे दिवशीं सातव्या सामन्याच्या अखेरीस येऊन डॉजर्सला विजय मिळवून दिला. त्याच्या धैर्याला आमचेंही वंदन आहे. मात्र तो विजय पाहून एकाद्या शाळेच्या शिक्षकानें पंधरा वर्षांच्या मुलाला लागोपाठ दोन दिवस उभें केलें, तर तें धैर्य त्या मुलाचें, आणि अविचार त्या शिक्षकाचा.

यावर कोणी विचारील, निकालाला कांहींच किंमत नाहीं काय? आहे, परंतु एका निकालाला फार थोडी आहे. शेंकडों निकाल जुळवून पाहिले म्हणजे त्यांतून ज्ञान निघतें, व तें ज्ञान पुढच्या निर्णयास उपयोगी पडतें. एकच निकाल घेऊन माणसाला डोक्यावर घेणें अथवा पायाखालीं तुडविणें यांत ज्ञान नाहीं.

म्हणून चाहत्यांना आमची एक सूचना आहे. सामना सुरू होण्यापूर्वीं आपलें मत कारणांसह कागदावर लिहावें व खालीं सही करावी. सामना संपल्यावर तोच कागद उघडून आपलीं कारणें तपासावीं. असें करणाऱ्यास व्यवस्थापकाची अडचण समजेल, आणि 'आधींच सांगितलें होतें' हे शब्द त्याच्या तोंडून क्वचितच निघतील.

मुलांचीं प्रगतिपुस्तकें हातीं घेणाऱ्या आईबापांनींही हाच न्याय लावावा, अशी आमची विनंति आहे. वर्षभर नेमानें अभ्यास केलेल्या मुलाला एकाद्या विषयांत कमी गुण पडतात, आणि शेवटच्या आठवड्यांत रात्री जागून काढणारा एकादा वर येतो. आंकडे पाहण्यापूर्वीं मुलानें अभ्यास कसा केला, झोप किती घेतली, व प्रकृतीवर काय परिणाम झाला, हें विचारावें. पुस्तकावर सही करण्याची घाई नसावी.