इफ्तारच्या ताटात तळणच का?

असरच्या नमाजनंतर शिरूर आणि दौंडच्या मोहल्ल्यांत कढया चुलीवर चढतात. कांदाभजी, समोसे, कबाब आणि सोबत गडद गोड सरबत. मगरीबची अजान झाली की खजुरानंतर हात जातो तो तळणाकडेच. दिवसभराच्या रिकाम्या पोटात एवढे तेल गेल्यावर तरावीहला छातीत जळजळ होणारच. मग दोष रोजाला! त्यात रोजाचा काय गुन्हा?

जपानी घरांत ताट लावण्याची जुनी पद्धत आहे, ‘इचिजू सानसाइ’. भाताबरोबर एक सूप आणि तीन पदार्थ. दुसरा दंडक पाच रीतींचा: कच्चे, उकडून मुरवलेले, भाजलेले, वाफवलेले आणि तळलेले. या खाद्यपरंपरेला युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. तिथे पाचांत तळण एक. इफ्तारच्या ताटात मात्र तळण इतर चौघांची जागाही अडवून बसते.

त्यासाठी मिसो सूप शोधत पुण्याला जायला नको. बाजरीची भाकरी, पातळ आमटी, मोडाच्या मटकीची उसळ, मेथीची भाजी, काकडीची कोशिंबीर. झाले ‘एक सूप, तीन पदार्थ’. मटण हवे तर उसळीच्या जागी बेताचा रस्सा. शिरूरच्या जिरायत पट्ट्याला हे ताट नवे नाही, फक्त रमजानमध्ये त्याचा विसर पडतो.

जपान्यांचे सगळेच उचलू नये. मिसो आणि सोया सॉसमध्ये मीठ फार. सहरीला खाल्ले तर दुपारी घसा सुकतो. मिरिनमध्ये तर मद्यार्क असतो, म्हणजे तो विषयच संपला.

ओकिनावात पोट दहापैकी आठ भाग भरले की थांबतात. पैगंबरांची शिकवण त्याहून कडक: एक तृतीयांश अन्न, एक पाणी, एक श्वास. बयानात ती दरवर्षी ऐकली जाते आणि घरी पोचेपर्यंत विरते.

यात सर्वांत जास्त सोसते ती बाई. रोजा घरातल्या सगळ्यांचा, पण तापलेल्या तेलापुढे उभी तीच, तहानलेली. मटकी आदल्या दिवशी भिजवून मोड काढता येतात, आमटी चुलीवर एकटी शिजते. राहिली कोशिंबीर. कुरकुंभ किंवा रांजणगावच्या एमआयडीसीतून पाळी संपवून आलेल्या मुलालाही काकडी चिरता येते.