साक्षीदार इंधनातच हवा

25 जानेवारी 2011. प्रजासत्ताक दिनाचा आदला दिवस. मनमाडजवळ पानेवाडीच्या तेल डेपोंच्या परिसरात मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनाचा काळाबाजार चाललेला दिसला. ते गाडी थांबवून उतरले आणि मोबाइलवर फोटो काढू लागले. तेलमाफियांनी त्यांना तिथेच जिवंत जाळले.

तुमच्यापैकी अनेकांना ही बातमी आठवत असेल. मी तेव्हा रसायनशास्त्र शिकत होते. आज इंग्लंडच्या प्रयोगशाळेत मिश्रणांमधले घटक वेगळे करून ओळखणे हे माझे रोजचे काम आहे. म्हणून एक प्रश्न मला अजून सोडत नाही: एवढ्या मोठ्या चोरीचा पुरावा एका माणसाच्या डोळ्यांवर आणि फोनवर का अवलंबून होता? साक्षीदार एकच असेल, तर त्याला संपवले की पुरावाही संपतो.

आधी ही भेसळ पकडणे अवघड का, ते पाहू. रॉकेल आणि डिझेल ही दोन्ही एकाच खनिज तेलातून, शेजारशेजारच्या तापमानांना वेगळी केलेली हायड्रोकार्बनची मिश्रणे आहेत. त्यांचे बरेच रेणू सारखेच असतात. दुधात पाणी मिसळले तर निदान बाहेरचा पदार्थ आत आला असे म्हणता येते. इथे तेलात तेलच मिसळलेले असते.

मग घनता मोजावी? समजा, डिझेलची घनता घनमीटरला 835 किलो आहे आणि रॉकेलची 800. दहा टक्के रॉकेल मिसळले तर मिश्रणाची घनता होईल 831.5, म्हणजे फरक फक्त साडेतीन किलोचा. डिझेलचे तापमान पाच अंशांनी चुकीचे नोंदवले तरी साधारण एवढाच फरक पडतो. घनतेची चाचणी ढोबळ चोर पकडते. हिशेबी चोर तिच्यातून सुटतो.

टँकरचे कुलूप, सील आणि जीपीएस हवेतच. पण ते झाकणाची राखण करतात, आतल्या तेलाची नाही. रेशनचे रॉकेल तर कागदोपत्री योग्य ठिकाणी पोहोचूनही पुढे डिझेलच्या टाकीत जाऊ शकते. म्हणूनच ते निळे रंगवले जायचे. पण डोळ्यांना दिसणारा रंग काढून टाकता येतो, आणि तो काढणारे निघालेच.

हा प्रश्न फक्त आपलाच आहे असे समजू नका. ब्रिटनमध्ये शेतीच्या ट्रॅक्टरला कमी कराचे लाल डिझेल मिळते. ते साध्या गाडीत घालणे गुन्हा आहे, आणि तपासनीस रस्त्यात गाडी थांबवून टाकीतला नमुना घेऊ शकतात. तरी उत्तर आयर्लंडच्या सीमेवर लाल डिझेलचा रंग ‘धुऊन’ विकण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालला. धुलाईचा विषारी गाळ रात्री रस्त्याकडेला टाकून दिला जाई.

त्यावर ब्रिटन आणि आयर्लंडने 1 एप्रिल 2015 पासून रंगाच्या जोडीला एक बिनरंगी मार्कर आणला. त्यातला महत्त्वाचा रेणू आहे ब्युटॉक्सिबेंझीन. तो सुमारे 210 अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे डिझेलच्या स्वतःच्या उत्कलनाच्या टप्प्यातच. शिवाय त्याचा स्वभाव आजूबाजूच्या रेणूंशी इतका मिळताजुळता आहे की त्याला वेगळे काढायला गेलात तर डिझेलच हातचे जाते. युरोपीय संघानेही 2024 पासून तोच स्वीकारला.

तो सापडतो कसा? समजा, लिटरला 10 मिलिग्रॅम मार्कर घातला आहे. असे तेल साध्या डिझेलमध्ये पाच टक्के मिसळले तर लिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅम उरेल, म्हणजे वजनाने दहा लाखांत एका भागाहूनही कमी. गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर ही जोडी तेवढाही ओळखते. घनतेच्या चाचणीतून सुटलेला चोर इथे अडकतो.

भारतानेही 2006 मध्ये रॉकेलमध्ये मार्कर घातला होता. तो काढून टाकता येतो, अशा शंका पुढे आल्या आणि 2008 अखेर तो बंद झाला. माझ्या मते चूक तिथे झाली. कुलूप तकलादू निघाले तर चांगले कुलूप आणायचे असते. दाराला कुलूपच नको असे आपण म्हणत नाही. सोनवणे मनमाडच्या रस्त्यावर उतरले, तेव्हा रॉकेलमध्ये तो मार्कर नव्हता.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दोन भावांमधली दरी हेच भेसळीचे मूळ आहे, मग दरीच बुजवावी. खरे आहे. गेल्या काही वर्षांत रॉकेलवरचे अनुदान संपत गेले आणि ते मिसळण्यातला नफाही आटला. पण दरी दुसरीकडे उघडतेच. घरगुती सिलिंडर स्वस्त आणि व्यावसायिक महाग, म्हणून 14.2 किलोच्या सिलिंडरमधला गॅस काढून विकला जातो. गरिबाला किंवा शेतकऱ्याला काहीतरी स्वस्त द्यायचे असेल तर दरी राहणार, आणि तिच्यावर पहाराही लागणार.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: यंत्र चालवणारा माणूसच विकला गेला तर? म्हणून नुसता मार्कर पुरेसा नाही. एकाच नमुन्याच्या सीलबंद बाटल्या दोन स्वतंत्र प्रयोगशाळांकडे जायला हव्यात, आणि कोणत्या पंपाचा नमुना नापास झाला हे लोकांना वाचता यायला हवे. रसायनशास्त्र खोटे बोलत नाही, पण त्याचा अहवाल कपाटात नक्कीच ठेवता येतो.

आपण दूर बसून काय करणार, असे तुम्ही म्हणाल. आईवडिलांना फोन कराल तेव्हा सांगा, सिलिंडर घेताना वजन करून मागायचे. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावर लिहिलेलेच असते. सुट्टीत गावी गेलात तर पेट्रोल पंपावर फिल्टर पेपर मागा. पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर कागदावर डाग राहता कामा नये. ही तपासणी मागणे तुमचा हक्क आहे.

या छोट्या तपासण्या आहेत, पण तत्त्व तेच. पुरावा जितक्या जास्त ठिकाणी असेल, तितका कोणा एकाला जाळून तो नष्ट करणे अशक्य होईल. सोनवणे यांच्या हातात एक फोन होता. पुढच्या अधिकाऱ्याच्या बाजूने त्या टाकीतला प्रत्येक लिटर बोलायला हवा.