हेगला जायचंय? पैसे भरा!

कोर्टाला सुट्टी लागली आणि आमच्या घरातच एक खटला उभा राहिला. तो तुमच्यापुढे मांडल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. (ताई, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. वाचच.)

माझी भाची सई कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे. तिला आंतरराष्ट्रीय कायद्यात काहीतरी करायचंय. पंधरा दिवसांपूर्वी जिनिव्हातल्या एका संस्थेकडून तिला तीन महिन्यांच्या इंटर्नशिपचं पत्र आलं. घरात पेढे, फॅमिली ग्रुपवर अभिनंदनांचा पाऊस, त्यात माझेही दोन अंगठे. रात्री तिने पत्र नीट वाचलं. मानधन नाही. विमानभाडं, व्हिसा, राहणं, जेवण, विमा, सगळं ज्याचं त्याने बघायचं. आता ताई आणि भाऊजी एफडी मोडायला निघालेत. कारण काय, तर 'अशी संधी परत परत येत नाही'.

माझा राग या 'संधी' शब्दावर आहे. काम करायचं आपण, खर्च करायचा आपण, आणि वर उपकार झाल्यासारखे पेढेही आपणच वाटायचे? आमच्याकडे लग्नात हुंड्याला कोणी हुंडा म्हणत नाही, 'मुलीच्या हौसेसाठी दिलं' म्हणतात. तसंच हे.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्ही तालुक्याच्या कोर्टात वाटपाचे दावे चालवणाऱ्या, तुम्हाला जिनिव्हातलं काय कळतं? कळतं थोडंसं. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या २३व्या कलमात लिहिलंय की काम करणाऱ्या प्रत्येकाला न्याय्य मोबदल्याचा हक्क आहे. आणि त्याच संयुक्त राष्ट्रांचं सचिवालय आजही इंटर्नना पगार देत नाही. २०१५मध्ये न्यूझीलंडचा एक बावीस वर्षांचा मुलगा जिनिव्हात अशीच इंटर्नशिप करताना तंबूत राहिला होता. ती बातमी जगभर गाजली, चार दिवस हळहळ झाली, आणि सचिवालयाचा नियम होता तिथेच राहिला. त्याच गावातली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना मात्र आपल्या इंटर्नना पैसे देते. म्हणजे देता येत नाही असं नाही.

हेगचंही तेच. आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीशांच्या हाताखाली वर्षभर काम करायची एक योजना आहे. तिची पद्धत अशी की विद्यापीठाने आपला विद्यार्थी सुचवायचा आणि त्याचा खर्चही विद्यापीठानेच उचलायचा. मग तिथे कोणत्या विद्यापीठांची मुलं दिसणार, हे सांगायला ज्योतिषी नको. ही विषमता मान्य करून गरीब देशांतल्या विद्यापीठांच्या मुलांसाठी निधी उभारायचा ठराव महासभेने केला तो थेट डिसेंबर २०२० मध्ये. न्यायालय १९४६पासून चालू आहे.

आमच्या धंद्याचीही झाकली मूठ उघडतेच. ज्युनियरना राबवून घेण्यात आम्ही वकील कोणाला हार जाणार नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शिफारस केली की ज्युनियरला शहरात दरमहा निदान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्या. शिफारस आहे, सक्ती नाही, त्यामुळे ते पत्रक कुठल्या फायलीत गेलं ते विचारू नका. माझ्याकडच्या मुलीला मी देते, पण तेवढे नाही. मात्र तिच्याकडून टेबलाचं भाडं मागायची माझी अजून हिंमत झालेली नाही. :)

आणि जिनिव्हा-हेग राहू दे, हल्ली घराजवळही या संधींचं दुकान जोरात आहे. गेल्या वर्षी सईने एका 'आंतरराष्ट्रीय परिषदे'साठी निबंधाचा सारांश पाठवला. दुपारी पाठवला, संध्याकाळी स्वीकारल्याचं पत्र. इतक्या वेळात माझी पक्षकार सातबारासुद्धा आणत नाही! निबंध वाचायचे साडेतीन हजार, सोबत मैत्रीण सहलेखक म्हणून तिचे वेगळे, पुस्तकात छापायचे आणखी वेगळे. परिषद एका हॉटेलात. 'आंतरराष्ट्रीय' एवढ्यासाठी की एक परदेशी प्राध्यापक पंधरा मिनिटं पडद्यावर दिसून गेले. निबंध वाचायला सहा मिनिटं, प्रश्न कोणी विचारला नाही, कारण खोलीत होते ते सगळे आपापला नंबर यायची वाट बघणारेच. विषय काय होता माहितीये? तिसऱ्या जगातल्या देशांचा आवाज आंतरराष्ट्रीय कायद्यात का ऐकू येत नाही!

त्या परिषदेची लिंक सईला मीच पाठवली होती. म्हणजे आरोपी नंबर दोन मी.

सगळंच खोटं आहे असं मी म्हणत नाही. जेसप मूट नावाची एक स्पर्धा आहे, १९६०पासून चालते, जगभरच्या कॉलेजांचे संघ एकाच काल्पनिक खटल्यात दोन्ही बाजूंनी लेखी आणि तोंडी युक्तिवाद करतात. आज वादी, उद्या प्रतिवादी. सई त्यात होती, आणि त्या सहा महिन्यांत पोरीत जो फरक पडला तो मी डोळ्यांनी पाहिला. न्यायाधीशाने मध्येच तोडलं की कसं उभं राहायचं, हे मला दहा वर्षांनी जमलं, तिला विसाव्या वर्षी. हेगची अकादमीही १९२३पासून शांतिप्रासादात उन्हाळी वर्ग घेते, शिष्यवृत्त्याही देते. पण जेसपच्या अंतिम फेऱ्या वॉशिंग्टनला. देशातली फेरी जिंकलात तरी पुढे विमानभाडं आणि व्हिसा हा दुसरा सामना. करोनात २०२१ आणि २०२२ च्या फेऱ्या ऑनलाइन झाल्या आणि आभाळ काही कोसळलं नाही. २०२३ ला पुन्हा सगळे वॉशिंग्टनला. भेटीगाठींचं महत्त्व मला मान्य आहे हो, पण ज्यांना भेटीगाठी परवडत नाहीत त्यांच्यासाठी जी खिडकी उघडली होती ती थोडी तरी उघडी ठेवायला काय हरकत होती? युरोपचा शेंगेन व्हिसा जून २०२४ पासून ९० युरो झाला, आणि नाकारला तरी पैसे परत नाहीत.

आता माझा खरा मुद्दा.

दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये मुक्त झाली, त्यात सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, हे आपल्याला पाठ आहे. पण पुढची गोष्ट किती जणांना ठाऊक आहे? पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ ला भारताविरुद्ध हेगच्या न्यायालयात दावा लावला. दमणहून त्या गावांकडे जायचा रस्ता आमच्या हक्काचा आहे, म्हणून. आणि आधार कशाचा? मराठ्यांशी १७७९ मध्ये झालेल्या पुण्याच्या तहाचा, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांचा! भारताकडून मोतीलाल सेटलवाड उभे राहिले, आणि भारतातर्फे त्या खटल्यापुरते न्यायाधीश होते आपल्या मुंबई हायकोर्टाचे छगला. पेशव्यांनी गावं दिली ती सार्वभौम सत्तेसकट, की नुसता महसूल लावून दिला, यावर जगातलं सर्वांत मोठं न्यायालय बसलं. १२ एप्रिल १९६० ला निकाल आला. न्यायालयाने तहाच्या सतराव्या कलमाचे वेगवेगळे पाठ ताडून पाहिले आणि म्हटलं की यात सार्वभौमत्व दिलेलं दिसत नाही. मराठ्यांना कायमची मालकी द्यायची असे तेव्हा ते तसे स्पष्ट शब्द वापरत, इतर तहांत वापरलेले आहेत. हे बारा हजार रुपये उत्पन्नाचं सरंजाम होतं. पुढे इंग्रजांनी तिथे पोर्तुगालची सत्ता मानली, त्यामुळे खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता रस्त्याचा हक्क पोर्तुगालला मिळाला, सैन्य आणि शस्त्रांना नाही. आणि भारताने तो हक्क मोडला नाही, असाही निर्णय झाला.

सरंजाम! हा शब्द मी आमच्या कोर्टात जुन्या इनामाच्या कागदांत ऐकते. तो हेगच्या निकालपत्रात आहे.

आणि पुण्यातच पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल पडलेत. जमिनीच्या दाव्यात मोडी कागद आला की वाचणारा शोधताना माझी चप्पल झिजते. ज्या मुलीला आंतरराष्ट्रीय कायदाही येतो आणि मोडीही वाचता येते, ती मराठ्यांचे तह मूळ शब्दांतून समजावून सांगू शकेल. ते जिनिव्हात कोणी तीन महिने फोटोकॉपी काढून शिकवणार नाही. पण त्याला 'संधी' कोण म्हणणार? सर्टिफिकेट नाही, पार्श्वभूमीला सरोवर असलेला फोटो नाही, नातेवाइकांत सांगायला 'हेग' नाही.

हे सईला सांगितलं तर म्हणाली, "मावशी, मोडी वाचून मला नोकरी कोण देणार? अर्जावर जिनिव्हा लिहिलेलंच बघतात." याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिचं बरोबर आहे, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. निवडणारे त्या ओळीकडे बघतात, ती ओळ पैसे भरून मिळते, आणि मग निवडलेले सगळे एकाच थरातले का, यावर परिषद भरते. तिचीही फी असते.

तर ताई, एफडी मोडू नकोस. त्या संस्थेला सईनेच सरळ विचारावं की काही मानधन देता का, किंवा काही महिने घरून काम चालेल का. फार तर नाही म्हणतील. विचारायला लाज वाटते म्हणतेस, तर मसुदा मी करून देते, नोटिसा लिहिण्यात आयुष्य गेलंय. भाऊजी रागावले असतील तर फोन करा, ग्रुपवर नको. आणि सई, मोडीच्या वर्गाची चौकशी मी केली आहे. रविवारी सकाळी असतो. निदान एकदा येऊन बस, मी पण नाव घालतेय.