घरचा शब्दही चालला पाहिजे



मधल्या सुट्टीत आम्ही लिंबाखाली शब्दांच्या भेंड्या खेळतो. एकाने शब्द सांगायचा. त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्याने नवा शब्द सांगायचा. दहा आकडे मोजेपर्यंत सुचला नाही, तर भेंडी चढते. ‘ळ’ आणि ‘ण’ या अक्षरांनी मराठीत शब्द सुरू होत नाहीत. म्हणून ‘फळ’ आले तर आम्ही ‘ल’ घेतो आणि ‘बाण’ आला तर ‘न’ घेतो.

या खेळाने शब्द वाढतात हे खरे आहे. आधी मला ‘ठ’चा फक्त ‘ठसा’ येत होता. आता ठिणगी, ठिगळ, ठेच, ठाव हेपण येतात. पण आमचा एक नियम मला पटत नाही. तो म्हणजे, पुस्तकात नसलेला शब्द बाद.

परवा माझ्यावर ‘वासरू’ आले. मी म्हणालो, “रुमणं.” सगळे ओरडले, “असा शब्दच नाय! बाद!” माझ्यावर भेंडी चढली. मग दुसऱ्याने ‘रत्नाकर’ सांगितला. तो चालला. मी अर्थ विचारला तर त्याला येईना. रत्नाकर म्हणजे समुद्र, हे आम्हांला नंतर बाईंनी सांगितले. मला मात्र रुमण्याचा अर्थ येत होता. नांगर धरायचा जो उभा दांडा असतो, ते रुमणं. आमच्या गोठ्यात आहे. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, म्हणून ते नुसते आढ्याला टांगलेले आहे. आजोबा म्हणतात, “औत गेलं, आता त्याचं नावबी जाईल.” मला ते ऐकून वाईट वाटले.

बाईंनी मोबाईलवर एक जुना शब्दकोश उघडून दाखवला. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तो 1831 साली छापला. त्यात रुमणे आहे! पाभर आणि तिफणसुद्धा आहे. म्हणजे आपल्या आजोबांचे शब्द मोठ्या पुस्तकात आहेत, फक्त आपल्या पाठ्यपुस्तकात आले नाहीत.

आपल्या वर्गात एक मुलगी आहे. तिचे आईवडील ऊस तोडायला आले आहेत. एकदा तिने ‘क’वरून ‘कोपी’ सांगितला. आपण हसलो. मीपण हसलो. कोपी म्हणजे पाचटाची झोपडी. ती त्यातच राहते. त्या दिवसापासून ती खेळायला येत नाही, लांब बसून बघते. दर बारा कोसांवर भाषा बदलते असे म्हणतात. मग तिच्याकडे आपल्याला न येणारे किती शब्द असतील! ती खेळली नाही तर तोटा आपलाच आहे.

काहीजण म्हणतील, असे केले तर कुणीही खोटे शब्द बनवील. ते बरोबर आहे. एकाने खरेच ‘रुमफूस’ म्हणून पाहिले होते. म्हणून माझ्या मते नियम असा हवा. शब्द पुस्तकातला असो की घरचा, सांगणाऱ्याने त्याचा अर्थ सांगावा आणि त्याचे एक वाक्य करावे. जमले तर शब्द चालला, नाही जमले तर बाद. मग ‘रत्नाकर’लाही सूट नाही. असे केले तरच शब्द डोक्यात राहतो. नुसता ऐकलेला शब्द घंटा झाली की विसरतो.

पालकांनो, तुम्ही आज आलाच आहात तर जाताना तुमच्या घरातला, शेतातला एक शब्द आम्हांला सांगून जा.

आणि मित्रांनो, उद्या लिंबाखाली तिला आपण आधी हाक मारू या. पहिला शब्द तिचा. मी तर म्हणतो, ‘कोपी’पासूनच सुरू करू.

— एक विद्यार्थी, इयत्ता 4 थी