पहिला क्रमांक कोणाचा?

अमेरिकेंतील महाविद्यालयांत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात, तो आपल्या मैदानावर मुलें खेळतात तो फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू लांबट असतो. तो हातांत घेऊन धांवतात, फेंकतात, आणि अंगावर धडक देऊन प्रतिपक्ष्यास खालीं पाडतात. परंतु आज मला त्या खेळाच्या नियमांविषयीं लिहावयाचें नाहीं. त्या खेळांतील संघांचे क्रम मतांनीं लावण्याची जी रीत तेथें पडली आहे, तिजविषयीं दोन शब्द लिहावयाचे आहेत. ज्याला दरवर्षीं मुलांचे क्रमांक लावावे लागतात, त्या शिक्षकास हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं.

मूळ अडचण अशी आहे. वरच्या श्रेणींत सुमारें एकशें तीस संघ आहेत, आणि मोसमांत प्रत्येकाच्या वाट्यास नियमित असे बाराच सामने येतात. खेळ इतका अंगमोडीचा आहे कीं आठवड्यास एकाहून अधिक सामना सहसा ठेवितां येत नाहीं. अर्थात् बहुतेक संघांची परस्परांशीं गांठ पडतच नाहीं. जें मैदानावर ठरत नाहीं तें मतांनीं ठरवावें, ही कल्पना असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनें १९३६ सालीं नियमितपणें अमलांत आणिली, आणि त्या वर्षीं मिनेसोटा विद्यापीठाचा संघ पहिला ठरला. प्रशिक्षकांची निराळी मतगणना १९५० पासून सुरू झाली. असोसिएटेड प्रेसच्या गणनेंत साठांच्या आसपास क्रीडालेखक व नभोवाणी-दूरचित्रवाणीवरील वृत्तनिवेदक भाग घेतात. प्रत्येकानें पंचवीस संघांची यादी करावयाची. पहिल्यास २५ गुण, दुसऱ्यास २४, याप्रमाणें उतरत शेवटच्यास १. मग सर्वांची बेरीज. फ्रान्समधील बोर्दा नामक गणितज्ञानें अठराव्या शतकांत सुचविलेली रीत ती हीच. बेरजेंत कांहीं खोट नाहीं. खोट असते ती यादी करणाराच्या मनांत.

आणि सर्वांत मोठी खोट मोसम सुरू होण्यापूर्वींच शिरते. एकही सामना झालेला नसतां ऑगस्ट महिन्यांत पहिली यादी प्रसिद्ध होते! वर्ग भरण्यापूर्वींच, मागील वर्षाचा लौकिक व मुलांच्या आडनांवांचें वजन पाहून शिक्षकानें क्रमांक लावून ठेवावेत, तसाच हा प्रकार. बरें, ही यादी करमणुकीपुरती राहिली असती तर मी तक्रार केली नसती. पण ती राहत नाहीं. मतदार पुढल्या आठवड्यास मागील यादी समोर ठेवितो, हरलेल्यास खालीं ढकलतो, आणि उरलेल्यांस एकेक पायरी वर चढवितो. त्यामुळें जो वर बसला तो हरेपर्यंत वरच, व जो खालीं बसला त्यानें कितीही पराक्रम केला तरी वरच्याच्या पडण्याची वाट पाहावयाची.

२००४ चा मोसम याचें उत्तम उदाहरण होय. त्या वर्षींच्या पहिल्या यादींत सदर्न कॅलिफोर्निया पहिला, ओक्लाहोमा दुसरा, आणि ऑबर्न सतरावा होता. तिघांनींही आपापले सर्व सामने जिंकले. अंतिम सामन्यास जागा दोनच. तेव्हां तिसऱ्या ऑबर्नला बाहेर राहावें लागलें. अंतिम सामन्यांत ओक्लाहोमाचा ५५-१९ असा धुव्वा उडाला. ऑबर्न मात्र आपला निराळा सामना जिंकून तेरा सामन्यांत अपराजित राहिला, आणि तरीही त्याच्या हातीं कांहीं आलें नाहीं. त्या संघांतील तरुणांचा अपराध एवढाच कीं, चेंडूस हात लावण्यापूर्वीं कोणी तरी त्यांना सतरावे म्हटलें होतें.

याच रोगाचें दुसरें लक्षण १९८४ सालीं दिसलें. ब्रिगहॅम यंगच्या संघानें पहिल्याच सामन्यांत पिट्सबर्गचा २०-१४ असा पराभव केला. पिट्सबर्ग तेव्हां यादींत तिसरा होता, म्हणून विजेत्यांचा मोठा गौरव झाला. परंतु मोसम संपला तेव्हां त्या 'तिसऱ्या' पिट्सबर्गच्या पदरीं तीन विजय, सात पराभव व एक बरोबरी पडली होती. ब्रिगहॅम यंग तेराही सामने जिंकून शेवटीं पहिला ठरला, तें यथायोग्य कीं नाहीं याविषयीं अद्याप वाद होतो. माझें म्हणणें त्याहून साधें आहे. ज्याला हरविलें त्याची योग्यता हरविण्याच्या दिवशींच्या यादीवरून ठरवूं नये. मोसम पुढें सरेल तसतशी ती पुनः पुनः तपासावी. आणि मतदारानें दर आठवड्यास कोरा कागद घ्यावा. प्रत्येक संघाचे निदान पांच सामने होईपर्यंत यादीच काढूं नये, असें मला वाटतें.

दुसरी गोष्ट पराभवाच्या तारखेची. सप्टेंबरांतील पराभव लोक विसरतात, नोव्हेंबरांतील विसरत नाहींत. १९९३ सालीं नोव्हेंबराच्या मध्यास नोत्र दामनें फ्लॉरिडा स्टेटला ३१-२४ असें हरविलें, आणि आठवड्याच्या आंत स्वतः बॉस्टन कॉलेजकडून ४१-३९ असा मार खाल्ला. मोसमाअखेर दोघांचा पराभव एकेकच. समोरासमोर नोत्र दाम जिंकलेला. तरी पहिला क्रमांक फ्लॉरिडा स्टेटला व दुसरा नोत्र दामला मिळाला. फ्लॉरिडा स्टेटचे प्रतिस्पर्धी अधिक कसलेले होते हें मला मान्य आहे. तथापि पारडें इतकें समतोल असतां, जो प्रश्न मैदानानेंच सोडविला होता तो मतदारांनीं पुनः कां उकरावा?

समोरासमोरचा निकाल हाच सर्वत्र नियम करावा, असें मात्र कोणी समजूं नये. २००८ सालीं टेक्ससनें ओक्लाहोमास ४५-३५ असें हरविलें, टेक्सस टेकनें टेक्ससला ३९-३३ असें, आणि ओक्लाहोमानें टेक्सस टेकला ६५-२१ असें. आतां कोण श्रेष्ठ? कोणत्याही टोंकाकडून धरा, चक्र फिरून तेथेंच येतें. अशा वेळीं इतर प्रतिस्पर्ध्यांचें बळ पाहावें, परक्या मैदानावरील विजय पाहावे, आणि शेवटचा उपाय म्हणून गुणांचें अंतर पाहावें. तेंही बेतानें, अंतरासच महत्त्व दिलें तर हरलेल्यास आणखी तुडविण्याची चट लागते. संगणकांनीं काढलेल्या क्रमवाऱ्यांतून हें अंतर २००२ पासून वगळण्यांत आलें, तें याच भीतीनें.

मोठ्या नांवाचा दबदबा हा वेगळाच विषय आहे. १ सप्टेंबर २००७ रोजीं पांचव्या क्रमांकाच्या मिशिगनला त्याच्याच मैदानावर खालच्या श्रेणींतील ॲपलॅशियन स्टेटनें ३४-३२ असें नमविलें. त्या आठवड्यांत मिशिगन पंचविसांतून पार उडाला. पण जिंकणारास मत देण्याची मतदारांस मुभाच नव्हती, कारण यादी वरच्या श्रेणीपुरती होती! पुढें वृत्तसंस्थेनें नियम बदलला, हें तिला भूषणावह आहे.

प्रशिक्षकांच्या मतगणनेविषयीं मी थोडेंच लिहितों. ज्याच्या संघाचा लाभ यादीवर अवलंबून, त्यानेंच यादी करावयाची, आणि तीही पुष्कळ वर्षें गुप्तपणें! शेवटच्या आठवड्याच्या मतपत्रिका २००५ पासून प्रसिद्ध होऊं लागल्या. एका मतदारानें प्रतिस्पर्ध्यास यादींतून वगळलें तर त्याचे वीस-बावीस गुण एका फटक्यासरशीं जातात. संगणकांच्या सहा क्रमवाऱ्या जमेस धरीत, तेव्हां प्रत्येक संघाची सर्वांत वरची व सर्वांत खालची सोडून देत. हाच न्याय माणसांसही कां लावूं नये? आणि प्रत्येक मतपत्रिका दर आठवड्यास नांवानिशीं छापावी.

या सर्वांच्या मुळाशीं एक प्रश्न आहे, व तो मतदारास कोणी स्पष्ट विचारीत नाहीं: उद्यां कोण जिंकेल तें सांगावयाचें, कीं आजवर कोणीं काय केलें तें? २०२३ सालीं फ्लॉरिडा स्टेटनें तेरा सामने खेळून तेराही जिंकले. परंतु त्याचा मुख्य क्वार्टरबॅक नोव्हेंबरांत जायबंदी झाला होता. तेरा सभासदांच्या निवडसमितीनें चौघांत त्यास न घेतां एक पराभव पदरीं असलेल्या अलाबामास घेतलें. समितीच्या नियमांत असा विचार करण्यास वाव होता, म्हणून तिनें नियम मोडला असें म्हणतां येणार नाहीं. पण नियमच वाईट आहे. वर्षभर पेपर सोडविलेल्या मुलास, पुढल्या परीक्षेच्या वेळीं तो आजारी असेल म्हणून आजचा क्रमांक नाकारणारा शिक्षक आम्ही शाळेंत ठेवूं काय?

२०२४ पासून चार संघांऐवजीं बारा संघ अंतिम फेऱ्यांत घेतात. तंटा मिटला नाहीं, दाराशीं सरकला. पहिल्याच वर्षीं शेवटच्या खुल्या जागेसाठीं दोन पराभवांचा सदर्न मेथॉडिस्ट व तीन पराभवांचा अलाबामा यांच्यांत चुरस लागली, आणि समितीनें सदर्न मेथॉडिस्टला घेतलें. पहिल्या फेरींत पेन स्टेटनें त्याचा ३८-१० असा पाडाव केला, तेव्हां 'पाहा, आम्ही म्हणत नव्हतों?' असें म्हणणारे पुष्कळ निघाले. परंतु डिसेंबराच्या आरंभीं यादी करणाऱ्या समितीपुढें तो सामना नव्हता. अलाबामाचे तीन पराभव मात्र होते.